अडसर

पोलादपुरातील माझ्या आजोळच्या घराला दोन दरवाजे होते. मागला परसात उघडे आणि त्याला नुसती कडी असे, परंतु पुढल्या दरवाजाच्या बंदोबस्तासाठी सागाचा एक लांब अडसर होता. हा अडसर दाराला जडलेला नव्हता, तो भिंतीच्या पोटात राहत असे. दिवसा चौकोनी भोकातून त्याचे चार बोटे टोक तेवढे दिसे; दिवेलागण उलटून गेली की आजोबा ते टोक धरून तो बाहेर ओढीत, आणि दोन्ही फळ्यांच्या पाठीमागून घासत घासत तो समोरच्या भिंतीतील खोबणीत जाऊन बसे. वर्षानुवर्षांच्या या सरकण्याने त्याच्या कडा गोल झाल्या होत्या आणि टोकाला हातांच्या स्पर्शाने काळसर तकाकी आली होती. त्या घरात कधी चोरी झाल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. तरीही घराचे गुण सांगताना सर्वांच्या तोंडी ओटीचे, माजघराचे, परसातल्या फणसाचे नाव येई. अडसराचा उल्लेख कोणी केलेला मला आठवत नाही.

फुटबॉलच्या खेळातील रक्षकाविषयी लिहावयास बसलो आणि पहिली आठवण झाली ती या अडसराची. आणि हा योगायोग केवळ माझ्या मनातला नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात बचावाची जी पद्धती उदयास आली तिला त्या देशातील फ्रेंच बोलणाऱ्यांनी ‘व्हेरू’ असे नाव दिले, आणि व्हेरू म्हणजे दाराला आतून घालावयाचा अडसरच होय. पुढे इटलीत याच विचाराचे जे रूप जगभर गाजले त्या ‘कातेनाच्चो’चाही अर्थ तोच.

महाड-पोलादपूरच्या वाचकाला रक्षक कोणास म्हणावे हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भातकापणी आणि झोडणी उरकून शेते मोकळी झाली, सावित्रीकाठच्या हवेत गारवा आला, की गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात आणि दिव्यांच्या उजेडात रात्र चढेपर्यंत सामने रंगतात. चढाईपटू आत शिरला की कोपऱ्यावरचा गडी त्याच्या घोट्यावर नजर ठेवून पावलापावलाने मागे सरतो, त्याच्या शेजारचा मध्यरक्षक श्वास रोखून थांबतो, आणि ज्या क्षणी चढाईपटूचे वजन पुढल्या पायावर पडते त्या क्षणी घोटा धरला जातो, दुसरा कमरेला मिठी घालतो आणि सहा फूट उंचीचा धटिंगण मातीत लोळतो. शिट्टी वाजते आणि गुणफलकावर एक आकडा वाढतो. मैदानात तीन किंवा त्याहूनही कमी गडी उरले असताना ही पकड साधली तर एकाच्या ऐवजी दोन गुण. कबड्डीने आपल्या रक्षकाला असा न्याय दिला आहे. त्याचे काम आणि चढाईपटूचे काम एकाच वहीत, एकाच मापाने मांडले जाते, आणि म्हणून आमच्याकडची लहान मुले चढाईपटूच्या नावाइतक्याच अभिमानाने कोपऱ्याच्या गड्याचे नाव घेतात.

फुटबॉलच्या दप्तरात हा रकाना नाही. तेथे जो गोल झाला त्याची नोंद होते. जो होणार होता आणि झाला नाही, त्याची होत नाही. अलीकडे यंत्रांच्या साहाय्याने रक्षकाने किती वेळा चेंडू हिसकावला, किती वेळा दूर धाडला याची मोजदाद ठेवली जाते हे खरे. परंतु फलकावरचा आकडा त्यामुळे हलत नाही. उलट रक्षकाच्या चुकीसाठी मात्र स्वतंत्र रकाने आहेत. त्याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला तर तो त्याच्या नावावर ‘स्वयंगोल’ म्हणून कायमचा चढतो; त्याला पिवळा किंवा लाल पत्ता दाखविला गेला तर तो कितव्या मिनिटाला, हेही लिहून ठेवले जाते. हा जमाखर्च एकतर्फी आहे, आणि या प्रकरणात ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे त्या माणसांना न्याय द्यावयाचा तर हा एकतर्फीपणा सतत डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

स्विस अडसराचा कर्ता कार्ल रापान हा मूळचा व्हिएन्नाचा. जिनीव्हाच्या सर्व्हेत आणि पुढे झ्युरिकच्या ग्रासहॉपर्स या संघांना शिकविताना त्याला एक गोष्ट स्पष्ट दिसली, की इंग्लंड, इटली, जर्मनी यांच्यासारख्या मोठ्या मुलखांच्या संघांशी एकास एक या हिशेबाने लढावयाचे तर स्विस खेळाडू कमी पडणार. त्यांतले पुष्कळसे दिवसा नोकरी-धंदा करून संध्याकाळी खेळणारे होते. तेव्हा व्यक्तीचे जे उणे ते रचनेने भरून काढावयाचे, असा निश्चय करून त्याने मधल्या फळीतले दोन गडी मागे ओढून बचावाच्या दोन्ही बाजूंना ठेवले, आधीचे दोन रक्षक मध्यभागी आणले, आणि त्या दोघांतला एक प्रतिपक्षाच्या आघाडीवीराला भिडला की दुसऱ्याने त्याच्या मागे, गोलरक्षकाच्या पुढे, मोकळे राहून फटीचा धनी व्हावयाचे असे ठरवून दिले. हा मागला गडी म्हणजे प्रत्यक्ष अडसर: ज्या बाजूची फळी ढकलली जाईल त्या बाजूला सरकणारा. चेंडू हातचा गेला की साऱ्यांनी त्वरेने माघार घ्यावयाची, आणि तो परत मिळाला की तितक्याच त्वरेने चालून जावयाचे.

या माघारीला भित्रेपणा समजणारे टीकाकार तेव्हाही होते, आजही आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून प्रतापगडाकडे जाणाऱ्याने हा आक्षेप घेऊ नये. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या गडाच्या पायथ्याशी जे घडले त्याचे अर्धे यश आधीच, अफजलखानाला मोकळ्या पठारावरून जावळीच्या अरुंद, अरण्यमय खोऱ्यात यावयास लावले तेव्हाच, पदरात पडले होते. ज्या भूमीवर शत्रूची संख्या निरुपयोगी ठरते त्या भूमीवर त्याला आणणे हा युद्धाचाच एक भाग आहे. रापानच्या अडसराची कसोटीही अशीच लागली: १९३८ च्या विश्वचषकात पॅरिसमध्ये स्वित्झर्लंडची गाठ जर्मनीशी पडली. ऑस्ट्रिया गिळंकृत करून तेथील उत्तम खेळाडूही जर्मनीने आपल्या संघात घेतलेले होते. ४ जूनचा पहिला सामना १–१ असा सुटला. ९ जूनला तो पुन्हा खेळविला गेला, तेव्हा स्विस संघ दोन गोलांनी मागे पडला, आणि त्यांतला दुसरा गोल लोर्ट्शर या स्विस खेळाडूचा स्वयंगोल होता. त्यानंतर अडसर पक्का बसला, जर्मनीला पुढे एकही गोल करता आला नाही, आणि स्विसांनी चार गोल करून सामना ४–२ असा जिंकला. वालाशेक, बिकेल आणि दोनदा आबेग्लेन यांची नावे नोंदली गेली. लोर्ट्शरचेही नोंदले गेले. परंतु त्या संघाच्या बचावात सेव्हेरिनो मिनेल्ली नावाचा जो रक्षक उभा होता, त्याचे नाव त्या दिवसाच्या गोलांच्या यादीत सापडणार नाही. १९३० पासून १९४३ पर्यंत हा मनुष्य आपल्या देशाकडून ८० सामने खेळला. त्या काळी आंतरराष्ट्रीय सामने वर्षाकाठी मोजकेच होत. तेव्हा तेरा वर्षे टिकलेली ही चाकरी किती मोठी याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजी यावयाची नाही.

अडसर नेहमीच टिकतो असे मात्र नाही. २६ जून १९५४ रोजी, स्वित्झर्लंडमध्येच भरलेल्या विश्वचषकात, लोझान येथे प्रखर उन्हात याच रापानचा संघ पहिल्या वीस मिनिटांत ३–० असा पुढे असूनही ऑस्ट्रियाकडून ७–५ असा पराभूत झाला. विश्वचषकाच्या एका सामन्यात बारा गोल त्यापूर्वी झाले नव्हते आणि त्यानंतरही झाले नाहीत. बचावाच्या आचार्याच्या वाट्याला हा सामना यावा, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

आणि या पराभवाच्या अगदी उलट टोकाला २००६ चा जर्मनीतील विश्वचषक आहे. फ्रान्सशी ०–०, टोगोवर २–०, दक्षिण कोरियावर २–०, युक्रेनशी अतिरिक्त वेळ धरून ०–०: चार सामन्यांत स्वित्झर्लंडने एकही गोल होऊ दिला नाही, आणि तरीही पेनल्टी किकांवर हरून तो संघ घरी गेला. विश्वचषकात असे भाग्य दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेले नव्हते. १९९४ पासून धरले तर विश्वचषकात गोल न खाता त्यांनी घालविलेल्या मिनिटांची बेरीज २०१० मध्ये चिलीचा गोल होईपर्यंत ५५९ वर पोहोचली. मात्र २००६ च्या स्विस बचावातील फिलिप सेंडेरोस याचे कोणते चित्र लोकांना आठवते, असे विचारले तर उत्तर एकच येते: कोरियाविरुद्ध डोक्याने गोल केल्यानंतरचा, रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा सेंडेरोस. त्याने अडविलेले चेंडू कोणालाच आठवत नाहीत. ज्या एका क्षणी तो आपले ठाणे सोडून पुढे गेला, तेवढाच क्षण लोकांनी जपून ठेवला.

मराठी मुलखात या जातीचा खेळाडू शोधू लागलो तर राहुल भेके याच्यापाशी येऊन थांबावे लागते. त्याच्याआधी गोव्याच्या महेश गवळीने भारतीय बचावाची धुरा वर्षानुवर्षे वाहिली. २००३ मध्ये जकार्तात आसियान चषक जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघात तो होता, आणि पुढे धेंपोच्या वैभवाच्या काळातही तो त्या संघाचा आधारस्तंभ राहिला. पण गोव्याला फुटबॉलची स्वतःची परंपरा आहे. ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेल्या मराठी मुलाने क्रिकेटच्या त्या राजधानीत फुटबॉल हा पेशा म्हणून पत्करावा, आणि त्यातही रक्षकाची जागा पत्करावी, हे अधिक कठीण होते. ज्या शहरात १८९१ पासून पुढे कित्येक दशके रोव्हर्स चषकाचे सामने होत असत, त्याच शहरात भेके विशीत येईतो महिंद्र युनायटेडसारखा, राष्ट्रीय लीग जिंकलेला, संघ २०१० मध्ये बंद झालेला होता. मुंबई एफसी या संघात खालिद जमील यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली, मग कोलकात्यात ईस्ट बंगालकडे, मधूनमधून केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटीकडे उसनवारीवर, आणि २०१७ मध्ये बेंगळुरू एफसीत असे त्याचे मुक्काम पडत गेले. हीच त्याची सनद. तिच्यात एका रात्रीत प्रसिद्ध झाल्याची नोंद नाही. भारताच्या संघात त्याला पहिल्यांदा स्थान मिळाले ते ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधील किंग्ज चषकात क्युरासाओविरुद्ध, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

भेके कधी बचावाच्या उजव्या बाजूला खेळला, कधी मध्यभागी. आणि बाजूरेषेवरून दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू थेट गोलच्या तोंडापर्यंत भिरकावण्याची त्याची हातोटी प्रसिद्ध आहे. परंतु त्याचे खरे हत्यार म्हणजे त्याचे कपाळ. येथे थोडे तांत्रिक विवरण आवश्यक आहे. चेंडू डोक्याच्या टाळूने मारावयाचा नसतो, तो कपाळाच्या सपाट भागाने मारावयाचा असतो. मान ताठ, डोळे उघडे, आणि उडीचा काळ असा साधलेला की प्रतिपक्षाचा गडी अजून वर चढत असताना आपण सर्वोच्च बिंदूला पोहोचलेले असावे. स्वतःच्या गोलसमोर रक्षक हेच कपाळ चेंडूच्या खालच्या भागाला लावून तो उंच आणि दूर धाडतो. प्रतिपक्षाच्या गोलसमोर तेच कपाळ चेंडूच्या वरच्या भागावर आणून तो जमिनीकडे मारावयाचा असतो, कारण खाली आपटून उसळणारा चेंडू गोलरक्षकाला सर्वांत अवघड. विद्या एकच, फरक काही बोटांचा. म्हणूनच कॉर्नर किक मिळाली की उंच रक्षक आपली जागा सोडून साठ-सत्तर यार्ड धावत पुढे जातात. दिवसभर जे काम उलट दिशेने केले तेच त्यांना क्षणभर सुलट दिशेने करावयाचे असते.

२० एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वरला सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने आघाडी घेतल्यावर बेंगळुरूला बरोबरी साधून दिली ती भेकेने, आणि पुढे तो सामना ४–१ असा जिंकला गेला. पण त्याचे नाव घरोघर गेले ते १७ मार्च २०१९ रोजी. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, प्रतिपक्ष एफसी गोवा, आणि मैदान अंधेरीचे. म्हणजे भेकेच्या जन्मशहरातलेच. नव्वद मिनिटे शून्य-शून्य. अतिरिक्त वेळेत गोव्याचा अहमद जाहू दुसऱ्या पिवळ्या पत्त्यामुळे मैदानाबाहेर गेला, तरीही कोंडी फुटेना. पेनल्टी किकांना तीन मिनिटे उरली असताना, ११७ व्या मिनिटाला, दिमास डेल्गादोची कॉर्नर किक आली आणि भेकेने ती डोक्याने जाळ्यात वळविली. बेंगळुरूचे ते पहिले सुपर लीग विजेतेपद. त्याआधीच्या एकशे सोळा मिनिटांत एफसी गोव्याच्या आघाडीला शून्यावर रोखून धरणाऱ्यांत हाच मनुष्य होता, ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कोठेतरी शेवटच्या परिच्छेदात असावी.

उमरठला तानाजी मालुसरे यांच्या समाधीपुढे उभा राहिलो की मला हाच विचार येतो. कोंढाण्याचा कडा चढून गेलेल्या त्या वीराचे नाव पोलादपूर तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि ते असावयासच हवे. परंतु रायगडाच्या महादरवाजावर रात्रीमागून रात्री ज्यांनी पहारा केला त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. तो दरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या कवेत असा दडवून बांधला आहे की वळण घेऊन अगदी जवळ येईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. गडाचा कारभारही तसाच सावध असे: हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाने नेमलेले असत, एकाच्या फितुरीने गड हातचा जाऊ नये म्हणून. एक चुकला तर दुसऱ्याने सावरावे, ही योजना रापानच्या मागल्या मोकळ्या गड्यासारखीच आहे. पाठीशी कोणी आहे असा विश्वास असल्यावाचून पुढला पहारेकरी निर्धास्तपणे पुढे होऊ शकत नाही.

भेकेच्या कारकिर्दीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे दोन सामने दोहा या एकाच शहरातले, आणि दोन्ही कतारविरुद्धचे. १० सप्टेंबर २०१९ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत आशियाच्या विजेत्यांसमोर उभा राहिला, तो कर्णधार सुनील छेत्रीवाचून. छेत्री आजारी होता. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू. त्याच्या पुढे उजवीकडे भेके, मध्यभागी संदेश झिंगन आणि आदिल खान, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई. कतारचे हल्ले लाटांप्रमाणे एकामागून एक येत राहिले. चेंडू बहुतेक वेळ भारताच्याच अर्ध्यात होता. सामना संपला तेव्हा फलकावर ०–० होते. नोंदवहीत लिहावयासारखे त्या रात्री काहीच झाले नव्हते, आणि भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातली ती मोठी रात्र होती.

त्याच शहरात, ३ जून २०२१ रोजी, त्याच प्रतिपक्षाविरुद्ध चेंडू हाताला लागल्यामुळे भेकेला दुसरा पिवळा पत्ता मिळाला आणि सतराव्या मिनिटालाच त्याला मैदान सोडावे लागले. दहा गड्यांनी उरलेला सारा सामना काढला, आणि भारत केवळ एका गोलाने हरला. ‘भेके, १७ मि., लाल पत्ता’ ही नोंद पक्की आहे, ती कोणी खोडणार नाही. पहिल्या सामन्यातली नव्वद मिनिटे मात्र कोणत्याच वहीत त्याच्या नावापुढे नाहीत. माझ्या मते रक्षकाची योग्यता ठरवावयाची तर ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

त्यापुढचा प्रवास झटपट सांगता येईल. भेके मुंबई सिटीत आला; २०२२–२३ च्या हंगामात त्या संघाने साखळीची ढाल जिंकली, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३–१ असे हरवून सुपर लीगचा चषक उचलला तेव्हा कर्णधार तोच होता. नंतर तो पुन्हा बेंगळुरूला गेला. भारतासाठी १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादेत मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानेच केला, आणि १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला मालदीवविरुद्धच्या विजयात पहिला गोलही त्याचाच, दोन्ही डोक्याने. या दोन्ही गोलांच्या आधी, आशियाई चषकातील तिन्ही सामन्यांत भारत हरला तो कठीण महिनाही त्याने पाहिला.

एक सामना मात्र मी मुद्दाम मागे ठेवला आहे. ११ एप्रिल २०२२, रियाध. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. इराकच्या एअर फोर्स क्लबने, ज्याला अरबीत अल-क्वा अल-जविया म्हणतात, दुसऱ्या अर्ध्यात मुंबई सिटीवर गोल केला. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टी किकवर बरोबरी साधली, आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला भेकेने डोक्याने दुसरा गोल केला. पहिला विजय दृष्टिपथात आला होता, पण हाती आलेला नव्हता. निर्धारित वेळ अजून पाव तास बाकी होती, आणि मागे पडलेला इराकी संघ चालून येणार हे उघड होते. भेके पुढच्या टोकाहून परतला आणि आपल्या गोलसमोरच्या जागी जाऊन उभा राहिला. पत्रकात त्या सामन्याच्या तीन ओळी आहेत, प्रत्येक गोलाची एक. पंचाहत्तराव्या मिनिटानंतर काही लिहिलेले नाही.